वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या ताटातील अन्नसुरक्षा : वर्गात शिकलेले मेसपर्यंत का पोहोचत नाही?

सुरंगी

मी कोकणातील एका वैद्यकीय महाविद्यालयात जनऔषधवैद्यकशास्त्र (कम्युनिटी मेडिसिन) शिकवते. अन्नविषबाधेच्या उद्रेकाचा शोध कसा घ्यावा हे शिकवताना आम्ही बहुतेक शिक्षक एकच जुने उदाहरण घेतो. न्यूयॉर्क राज्यातील ऑस्विगो परगण्यात 18 एप्रिल 1940 रोजी चर्चच्या एका भोजनानंतर अनेक जण आजारी पडले. ज्या 75 जणांची चौकशी झाली, त्यांपैकी 46 जणांना त्रास झाला होता. व्हॅनिला आइस्क्रीम खाणाऱ्या 54 जणांपैकी 43 आजारी होते, तर ते न खाणाऱ्या 21 जणांपैकी फक्त 3. विद्यार्थी हे कोष्टक न चुकता मांडतात, बाधेचे प्रमाण काढतात, मोजक्या तासांचा अधिशयन काळ (खाल्ल्यापासून त्रास सुरू होईपर्यंतचा वेळ) पाहून स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जंतूचे नाव घेतात आणि त्याचे विष उकळूनही नष्ट होत नाही, हेही सांगतात.

तास संपला की हीच मुले अंगातला अ‍ॅप्रन तसाच ठेवून कँटीनमध्ये जातात. नुकताच रुग्णाच्या छातीवर टेकवलेला स्टेथोस्कोप टेबलावर वड्याच्या बशीला खेटून पडलेला असतो, आणि बेसिन चार पावलांवर असूनही हात धुवायला सहसा कोणी उठत नाही. रात्री वसतिगृहासमोरच्या गाडीवर जो फ्राइड राइस मिळतो, त्याचा भात दुपारीच शिजवून परातीत उघडा ठेवलेला असतो. ती परात मुले येता-जाता पाहतात, आणि तरीही त्या गाडीवर जेवतात.

मुले बेफिकीर आहेत असे म्हणून हा विषय संपवणे मला पटत नाही. आम्ही त्यांना जे ज्ञान देतो ते रुग्णाकडून जंतूकडे जाणारे असते : उलट्या किती तासांनी सुरू झाल्या, ताप आहे का, जुलाबात रक्त आहे का, म्हणजे जंतू कोणता. स्वयंपाकघरात विचार याच्या नेमक्या उलट दिशेने करावा लागतो. समोर भाताचे पातेले आहे, अजून कोणीही आजारी पडलेले नाही, आणि आणखी चार तासांनी त्यात काय झालेले असेल हे आत्ताच ओळखायचे आहे. तिथे जंतूच्या नावापेक्षा घड्याळ आणि तापमापी जास्त उपयोगी पडतात, आणि त्या दोन गोष्टी या संदर्भात आम्ही विद्यार्थ्यांच्या हातात कधी देतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2001 साली सुरक्षित अन्नाची पाच सूत्रे प्रसिद्ध केली : स्वच्छता राखा, कच्चे व शिजलेले वेगळे ठेवा, अन्न पूर्ण शिजवा, योग्य तापमानाला ठेवा, पाणी व कच्चा माल सुरक्षित वापरा. वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या ज्या पाहण्या मी वाचल्या आहेत त्यांत पहिल्या सूत्राची उत्तरे चांगली येतात, दुसऱ्या आणि चौथ्या सूत्रांपाशी मुले अडखळतात, आणि प्रत्यक्ष सवयी ज्ञानाच्या मागे राहतात, असा कल वारंवार दिसतो.

अलिबाग, रत्नागिरी आणि ओरोस येथील शासकीय महाविद्यालये गेल्या काही वर्षांतच सुरू झाली आहेत. राज्याच्या सर्व भागांतून आलेली, पहिल्यांदाच घराबाहेर राहणारी मुले आता या किनारपट्टीवर शिकत आहेत. इथली दमट हवा, इथली मासळी आणि इथल्या विहिरी त्यांना नवीन आहेत. ज्यांचा या विषयाशी विद्यार्थी, पालक, खानावळचालक किंवा शिक्षक म्हणून संबंध आहे, त्यांनी आपले निरीक्षण इथे लिहावे, अशी विनंती आहे.

सड्यावरचा

मॅडम, मी सध्या आंतरवासिता करत आहे. तुम्ही म्हणता ती दिशेची गोष्ट मला पूर्ण पटते, पण तिच्या जोडीला वेळेचा प्रश्नही आहे. वॉर्डातून सुटायला अडीच वाजतात आणि मेस तीनला बंद होते. त्या अर्ध्या तासात जे उरलेले असेल ते जेवावे लागते. डाळ कोमट झालेली असते आणि तिला ऊत आणून द्या असे सांगण्याची कोणाची हिंमत होत नाही, कारण भांडी घासायला घेतलेली असतात.

दुसरी गोष्ट घरच्या डब्याची. आमच्यापैकी जी मुले देवगड, मालवण, गुहागर या बाजूची आहेत, त्यांना अधूनमधून एसटीने घरून पार्सल येते. त्यात सुकटीची चटणी, लाडू, कडक भाकरी असेल तर चिंता नसते. परंतु आई प्रेमाने ओल्या खोबऱ्याच्या वाटणातले कालवणही भरून देते. सकाळी सहाला भरलेला तो डबा उन्हात तापलेल्या गाडीतून दहा वाजता वसतिगृहावर पोहोचतो आणि मुलगा दुपारी तीनला तो उघडतो. नऊ तास झाले, हे कोणी मोजत नाही. घरचे आहे, एवढेच पाहिले जाते. घरच्या अन्नावरचा हा विश्वास माझ्या मते सर्वांत कठीण आहे, कारण गाडीवरच्या अन्नाबद्दल निदान मनात शंका तरी असते.

एका आरोग्य केंद्रात काम करताना मी पाहिले, की लशींच्या शीतपेटीचे तापमान दिवसातून दोनदा वहीत नोंदवले जाते. ते 2 ते 8 अंशांत आहे की नाही हे वरिष्ठ येऊन तपासतात. त्याच इमारतीत कर्मचाऱ्यांच्या जेवणाच्या फ्रीजमध्ये तापमापी नव्हती, आणि फ्रीज इतका गच्च भरलेला होता की आत हवा खेळायला जागा नव्हती. लशींची शीतसाखळी ज्याला समजते त्याला अन्नाची शीतसाखळी समजायला खरे तर पाच मिनिटे पुरतील. ती पाच मिनिटे कोणी दिलेली नाहीत.

रातांबा

सूक्ष्मजीवशास्त्राशी माझा रोजचा संबंध आहे, म्हणून भाताबद्दल थोडे सविस्तर लिहितो. आपल्या किनाऱ्यावर हा पदार्थ दोन्ही वेळा ताटात असतो आणि त्याच्याबद्दलची समजूत सर्वांत कच्ची आहे.

बॅसिलस सेरियस हा मातीत राहणारा जंतू आहे आणि त्याचे बीजाणू (कठीण कवचातील सुप्त रूपे) तांदळावर असतातच. भात शिजवताना जिवंत जंतू मरतात, बीजाणू मात्र टिकतात. भात कोमट झाला की ते रुजतात आणि वाढू लागतात. साधारण 30 ते 37 अंश हे तापमान त्यांना सर्वांत मानवते, आणि कोकणातील स्वयंपाकघर वर्षाचे बरेच महिने याच्या आसपास असते. मोठ्या पातेल्यातील भात वरून निवल्यासारखा वाटतो, पण मधला गोळा कित्येक तास उबदार राहतो. या वाढीच्या काळात जंतू सेरुलाइड नावाचे विष तयार करतो. ते इतके चिवट असते, की 121 अंशांना दीड तास तापवूनही नष्ट होत नाही. तेव्हा रात्री कढईत मोठ्या आचेवर परतलेल्या भाताने जंतू मेले, तरी दुपारभर तयार झालेले विष तसेच पोटात जाते. उलट्या साधारण अर्ध्या तासापासून सहा तासांच्या आत सुरू होतात.

विद्यार्थ्यांना मी तोंडी परीक्षेत विचारतो, की शिळा भात पुन्हा गरम केला तर सुरक्षित होतो का. बहुतेक जण होय म्हणतात. त्याच विद्यार्थ्यांना 'उष्णतेला दाद न देणारे विष कोणते' असे विचारले, तर सेरुलाइड हे उत्तर तत्काळ येते. दोन्ही उत्तरे एकाच डोक्यात शेजारी-शेजारी असतात आणि त्यांची भेट होत नाही.

आणखी एक मुद्दा वासाचा. आपल्याकडे अन्न विटले की नाही हे नाकाने ठरवतात. आमटीला तार सुटली, खोबरे आंबूस लागले, तर टाकून देतात. हे योग्यच आहे. मात्र वास आणणारे जंतू आणि आजारी पाडणारे जंतू बहुधा वेगळे असतात. सेरुलाइडला वास नाही, स्टॅफिलोकॉकसच्या विषाला चव नाही. वास आला तर टाकावे, हे खरे. वास आला नाही म्हणून खावे, हे मात्र त्यातून निघत नाही.

केळीचे_पान

रातांबा सरांचे लिखाण वाचून थोडी काळजी वाटली, म्हणून एका आईच्या भूमिकेतून विचारते. आमच्या सासरी रात्रीचा भात सकाळी ताक-मीठ घालून खाण्याची रीत पिढ्यान् पिढ्या आहे. आंबोळीचे पीठ रात्रभर बाहेर आंबवतात. माशाच्या कालवणात आम्ही कोकम घालतो आणि दुसऱ्या दिवशी ते अधिक चवदार लागते, असेच सगळे मानतात. हे सर्व चुकीचे होते का? माझी मुलगी यंदा वैद्यकीयला लागली आहे आणि सुट्टीत घरी आली की माझ्या प्रत्येक भांड्याकडे संशयाने पाहते. तिला काय सांगावे?

रातांबा

ताई, प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर सरसकट होय किंवा नाही असे देता येत नाही. आंबोळीच्या पिठात लॅक्टिक आम्ल तयार करणारे जंतू झपाट्याने वाढतात, पीठ आंबट होते आणि त्या आंबटपणात घातक जंतूंना वाढणे कठीण जाते. शिवाय आंबोळी तव्यावर भाजून लगेच खाल्ली जाते. ही आंबवण्याची खरी प्रक्रिया आहे आणि तिच्यावर संशय घेण्याचे कारण नाही. रात्री शिजलेला भात नुसता झाकून ठेवला, तर त्यात तसे आंबणे होईलच याची खात्री नसते, आणि सकाळी घातलेले ताक रात्रीच्या तासांवर परिणाम करू शकत नाही. भात निवताच फ्रीजमध्ये ठेवला आणि सकाळी ताक घालून खाल्ला, तर रीतही राहते आणि धोकाही बराच घटतो. घरातील भात थोडा असल्याने लवकर निवतो, हीदेखील तुमच्या बाजूची गोष्ट आहे. दोनशे मुलांच्या मेसमधील पातेल्याला ती लागू होत नाही.

कोकमाने कालवणात जंतूंची वाढ मंदावते, थांबते असे नाही. माशाबद्दल माझ्याहून अधिक माहिती असलेले सदस्य इथे आहेत, त्यांनी पुढे लिहावे.

खाडीकाठ

मासळीच्या व्यवसायात माझे आयुष्य गेले आहे आणि मत्स्य विभागाच्या प्रशिक्षणांतही बसलो आहे. बांगडा, तारली, सुरमई, कुपा या माशांच्या मांसात हिस्टिडिन हे अमिनो आम्ल भरपूर असते. मासा पकडल्यावर बर्फात गेला नाही, तर जंतू त्याचे हिस्टामाइन करतात. उन्हाच्या दिवसांत त्याला फार तास लागत नाहीत. एकदा तयार झालेले हिस्टामाइन शिजवून, तळून, खारवून किंवा गोठवूनही जात नाही, आणि कोकमानेही जात नाही. असा मासा खाल्ल्यावर काही मिनिटांपासून तासाभरात चेहरा लाल होतो, अंगाला खाज सुटते, डोके ठणकते, छातीत धडधडते. काहींना खातानाच जिभेला मिरी चावल्यासारखी चुरचुर जाणवते.

मला या चर्चेतल्या विद्यार्थ्यांना विचारायचे आहे, की असा रुग्ण रात्री तुमच्यासमोर आला तर तुम्ही काय लिहाल? मी जे पाहिले आहे त्यात 'माशाची अ‍ॅलर्जी' असे सांगितले जाते आणि त्या माणसाला जन्मभर मासे खाऊ नका असा सल्ला मिळतो. किनाऱ्यावरच्या माणसाला हा सल्ला किती जड जातो, हे बाहेरून आलेल्या डॉक्टरांना कळणे अवघड आहे. त्याच ताटातले त्याच माशाचे तुकडे खाल्लेल्या इतरांनाही त्रास झाला का आणि याआधी तो मासा त्याला चालत होता का, हे दोन प्रश्न विचारले तरी बराच उलगडा होतो.

बर्फाबद्दलही लिहितो. आपल्या हवेत मासा नीट थंड ठेवायचा तर वजनाला वजन बर्फ लागतो. बाजारात मासळी घेताना कल्ले लाल आहेत का, डोळे फुगीर व स्वच्छ आहेत का, हे सगळे पाहतात. टोपलीत बर्फ किती आहे हे मात्र फार थोडे पाहतात. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत जी मासळी येते ती लांबचा प्रवास करून आलेली असते, तेव्हा हे अधिकच पाहावे. आणि हा मासळीचा बर्फ पिण्याच्या पाण्याचाच असेल असे नाही. महाराष्ट्रात 2018 पासून अखाद्य बर्फात निळा रंग घालण्याचा नियम आहे, तो यासाठीच. उसाच्या रसात किंवा सरबतात पडणारा बर्फ कुठल्या लादीचा आहे, हे विद्यार्थ्यांनी निदान विचारावे.

तिसऱ्या आणि कालवे या शिंपल्यांबद्दल एवढेच, की शिंपला उघडला म्हणजे शिजला असे समजून उतरवू नये, उघडल्यावरही काही मिनिटे उकळू द्यावे. खाडीच्या पाण्यातील व्हिब्रिओ जातीचे जंतू आणि सांडपाण्यातून येणारा कावीळ अ चा विषाणू हे दोन्ही शिंपल्यांत साठतात.

दुसरे_वर्ष

खाडीकाठ काका, तुमचा प्रश्न वाचून मी आमच्या गटात तो विचारला. सर्वांनी अ‍ॅलर्जी असेच उत्तर दिले. हिस्टामाइनची रासायनिक संरचना आम्हाला पहिल्या वर्षापासून पाठ आहे, पण बांगड्याशी तिचा संबंध कोणी जोडला नव्हता.

मॅडम, पाहण्यांबद्दल मला एक शंका आहे. आमच्याकडून अशी एक प्रश्नावली भरून घेतली होती. 'जेवणापूर्वी तुम्ही साबणाने हात धुता का' या प्रश्नाला जवळजवळ सगळ्यांनी 'नेहमी' अशी खूण केली. ती भरताना आम्ही कँटीनमध्येच बसलो होतो आणि त्या बेसिनवर साबण नव्हता. जे उत्तर अपेक्षित आहे तेच आम्ही देतो, कारण आयुष्यभर परीक्षा देत आलो आहोत. मग अशा पाहणीतून नेमके काय कळते?

सॅनिटायझरबद्दलही स्पष्ट सांगावे. करोनानंतर बहुतेकांच्या खिशात बाटली असते आणि हात धुण्याऐवजी तीच वापरली जाते.

सुरंगी

तुझी शंका योग्य आहे. स्वतःबद्दल सांगितलेली सवय आणि डोळ्यांनी पाहिलेली सवय यांत हात धुण्याच्या बाबतीत मोठी तफावत असते, हे जाणकारांना ठाऊक आहे. म्हणून प्रश्नावलीबरोबर निरीक्षण हवे, आणि निरीक्षणात माणसाबरोबर जागाही यायला हवी : बेसिनवर साबण आहे का, पाणी येते का, टॉवेल किती जणांनी पुसलेला आहे. साबणच नसेल, तर विद्यार्थ्याच्या सवयीवर गुण देणे अन्यायाचे आहे.

सॅनिटायझर अल्कोहोलचे असते. ते बीजाणूंवर काम करत नाही, नोरोव्हायरसवर अपुरे पडते आणि हाताला तेल किंवा माती असेल तर आणखी कमी उपयोगी ठरते. जेवणापूर्वी साबण आणि वाहते पाणी यांना पर्याय नाही. वॉर्डात दोन रुग्णांच्या मध्ये ते जरूर वापरावे, ती वेगळी गरज आहे.

चुलीपाशी

मी विद्यार्थ्यांची खानावळ चालवते. इथे सगळे शिकलेले लोक लिहीत आहेत, तरी माझी बाजू मांडते. मुले जेवणाच्या चवीची तक्रार करतात, पोळी जाड झाली, भाजी तिखट झाली असे रोज सांगतात. डॉक्टर होणारी मुले आहेत, पण भात किती वाजता शिजवला, भाजी चिरायची पाटी आणि मटण कापायची पाटी वेगळी आहे का, पिण्याच्या टाकीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) कधी टाकले, हे आजवर एकाही मुलाने विचारलेले नाही. विचारले असते तर मला आनंदच झाला असता, कारण मी दोन पाट्या ठेवते आणि सांगणार कोणाला?

माझ्या दोन अडचणी आहेत. मुले एक वाजल्यापासून साडेतीनपर्यंत केव्हाही येतात, तोपर्यंत सगळे गरम ठेवायला गॅस परवडत नाही. आणि उरलेला भात रात्रीसाठी ठेवायचा तर तो लवकर निववायचा कसा? पातेले तसेच फ्रीजमध्ये ठेवले तर फ्रीजच गरम होतो.

तिसरी गोष्ट बोलायला अवघड आहे. कामाला येणाऱ्या बाईला जुलाब होत असले तरी ती सांगत नाही. खाडा झाला तर दिवसाची मजुरी बुडते. मी मजुरी कापत नाही, हे तिला माहीत झाल्यापासून ती सांगू लागली आहे.

रातांबा

काकू, तुमच्या तिसऱ्या मुद्द्यावर मी आधी लिहितो. पोट बिघडलेल्या माणसाने लक्षणे थांबल्यावरही 48 तास अन्नाला हात लावू नये, असा नियम अनेक देशांत पाळला जातो. हाताला पिकलेली जखम असेल, तरीही ती झाकल्याशिवाय पीठ मळू नये. स्टॅफिलोकॉकस अनेकदा तिथून येतो, ऑस्विगोच्या आइस्क्रीमचा संशयही हाताळणाऱ्यांवरच गेला होता. पगारी रजेशिवाय हा नियम कागदावरच राहतो. तुम्ही जे केले आहे ते अनेक मोठ्या संस्थांच्या स्वयंपाकघरांत होत नाही.

निववण्याचे असे करावे. भात पातेल्यात ठेवू नका, रुंद आणि उथळ परातींत दोन-तीन बोटे जाडीचा पसरवा, पंख्याखाली जाळी झाकून ठेवा आणि वाफ गेली की उथळ डब्यांत भरून फ्रीजमध्ये ठेवा. डाळीचे पातेले गार पाण्याच्या घंगाळात ठेवून मधूनमधून ढवळा, पाणी बदलत राहा. 60 अंशांवरून 21 अंशांपर्यंत दोन तासांच्या आत आणि तिथून 5 अंशांपर्यंत पुढच्या चार तासांच्या आत यावे, हे गणित आहे. वाढताना मात्र 60 अंशांच्या वरच ठेवायचे. गॅसचा खर्च वाचवायचा असेल, तर सगळा भात एकदम न शिजवता साडेबाराला एक आणि दोनला दुसरा असे दोन घाणे शिजवणे अधिक सोयीचे पडेल. उरेलही कमी.

सुरंगी

काकूंच्या लेखनातून मला माझ्या प्रात्यक्षिकाचा आराखडा मिळाला. अन्न सुरक्षा व मानके कायदा 2006 चा आहे, त्याखालील नियम 2011 पासून लागू आहेत. खानावळ असो वा महाविद्यालयाची मेस, नोंदणी किंवा परवाना आवश्यक असतो आणि परवान्याचा 14 अंकी क्रमांक दिसेल असा लावावा लागतो. अन्न हाताळणाऱ्यांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी आणि विषमज्वराची लस हेही त्यात येते. दर 25 अन्न हाताळणाऱ्यांमागे एक प्रशिक्षित पर्यवेक्षक असावा, अशी अपेक्षा आहे. हे सर्व विद्यार्थी माझ्याकडे पाठ करतात. यापुढे विभागाच्या संमतीने त्यांना आपापल्या मेसमध्ये नेऊन घड्याळ व तापमापीसह एक पूर्ण दुपार उभे करावे असे मी ठरवत आहे : भात कधी शिजला, किती वाजता किती अंशांवर होता, शेवटच्या मुलाच्या ताटात किती अंशांवर पडला. गावातील जी कुटुंबे त्यांना अभ्यासासाठी दिली जातात, त्यांच्या विहिरीच्या पाण्यातील क्लोरीन ओटी (ऑर्थोटोलिडिन) चाचणीने ते तपासतातच. मग स्वतःच्या वसतिगृहाच्या टाकीचे पाणीही त्याच चाचणीने तपासावे.

सड्यावरचा

मॅडम, हे प्रात्यक्षिक मेसच्या माणसांना तपासणी वाटू नये, एवढीच काळजी घ्यावी. आमच्याकडे एकदा काही मुले भ्रमणध्वनीवर चित्रीकरण करत स्वयंपाकघरात शिरली होती, तेव्हापासून आचारी कोणालाही आत येऊ देत नाही. नोंदवही त्यांच्याच हाती राहिली आणि विद्यार्थी फक्त मोजायला मदत करू लागले, तर ते चालू राहील.

चुलीपाशी

मुले येणार असतील तर माझ्या खानावळीतही पाठवा. तापमापी कोणती घ्यायची आणि ती बरोबर दाखवते हे ओळखायचे कसे, तेवढे सांगा.

रातांबा

काकू, ताप पाहायची तापमापी चालणार नाही, तिचा आकडा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या पुढे जात नाही. टोकदार सळईची, अन्नासाठीची डिजिटल तापमापी घ्या. प्रत्येक वेळी सळई साबणाने धुऊन पुसा आणि पातेल्याच्या मधोमध, तळाला न टेकवता, आकडा स्थिर होईपर्यंत धरा. तपासण्यासाठी पेला भरून बर्फाचा चुरा घ्या, त्यात बर्फ जेमतेम भिजेल एवढे पाणी घाला, ढवळा आणि सळई बुडवा. शून्य किंवा एखादा अंश मागेपुढे दाखवले, तर तापमापी ठीक आहे. जास्त फरक असेल तर तो कागदावर लिहून तापमापीलाच बांधून ठेवा आणि वाचताना तेवढा वजा किंवा अधिक करा.